माणूस जिवंत आहे तोवर त्याचा चेहरा काढा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. पत्र जरा लांबणार आहे, जागा कमी पडली तर मधलं कापा, पण शेवटच्या मागण्या तेवढ्या राहू द्या ही विनंती.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात कापसाच्या भावाची बातमी होती. बातमी चांगली होती, ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की सीसीआय, म्हणजे कापूस खरेदी करणारं सरकारी महामंडळ, भाव कसा कापते आणि १२ च्या वर गेला की माल कसा परत पाठवतात हे सगळं बरोबर लिहिलं होतं. पण सोबतचा फोटो पाहून मन खट्टू झालं. भेगा पडलेली उजाड जमीन, त्यावर डोक्याला हात लावून बसलेला एक म्हातारा, डोक्याला मोठं लाल मुंडासं. आमच्या यवतमाळ भागात असं मुंडासं कोणी बांधत नाही हो, इकडे खांद्यावर दुपट्टा असतो नाहीतर डोक्यावर पांढरी टोपी. आणि नोव्हेंबरात आमची वावरं अशी उजाड नसतात, कपाशी फुटलेली असते, तूर फुलावर असते, बायका ओट्यात कापूस घेऊन वाकलेल्या असतात. हाच फोटो बोंडअळीच्या वेळी पाहिला, कर्जमाफीच्या वेळी पाहिला. तो म्हातारा कोण, कुठल्या गावचा, जिवंत आहे का, फोटोखाली काहीच नाही.

आणि आमच्या खेड्यातल्या माणसाचा स्वतःचा चेहरा, खाली त्याचं स्वतःचं नाव असलेला, तो पेपरात कधी येतो? एकतर निधन वार्तेत येतो, नाहीतर आत्महत्येच्या बातमीत येतो, एवढासा पासपोर्ट फोटो. सत्तर वर्षं जगला, कष्ट केले, पोरं वाढवली, तेव्हा कोणी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

मी हे का बोलतो तर माझा धंदाच चेहऱ्याचा आहे. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं पेंटरचं दुकान आहे. एटीडी म्हणजे कला शिक्षकाचा डिप्लोमा केला, नोकरी काही मिळाली नाही, मग दुकान टाकलं. आधी दुकानाच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवर नकाशे, ग्रामपंचायतीचे सुविचार, लग्नघरी दाराच्या दोन्ही बाजूला गणपती आणि खाली नवरा-नवरीचं नाव, असं भरपूर काम असायचं. फ्लेक्स आला आणि ते सगळं गेलं. आता माझ्याकडे जास्त करून एकच काम येतं, गेलेल्या माणसाचा फोटो. तेरवीच्या आधी पाहिजे असतो. घरचे लोक येतात, डोळे सुजलेले, हातात आधार कार्डाची झेरॉक्स, त्यावर तो काळपट चेहरा, कॅमेऱ्यासमोर घाबरून उभा असल्यासारखा. किंवा मोबाईलमध्ये कुठल्यातरी लग्नातला ग्रुप फोटो, मागच्या रांगेत अर्धा चेहरा, अर्ध्यावर कोणाचा तरी हात. म्हणतात, पेंटर भाऊ, यातून बाबाचा मोठा फोटो करून द्या.

स्टुडिओत गेले तर कॉम्प्युटरवाला त्या चेहऱ्याला तयार कोट चढवतो, टाय लावतो, मागे निळा पडदा टाकतो, सुरकुत्या घासून काढतो, रंग उजळ करतो. ज्या माणसाने जन्मभर बंडी आणि धोतर नेसलं त्याचा चेहरा मेल्यावर साहेबाच्या कोटावर बसवलेला. फ्रेम होते, हार चढतो, आणि मग घरचेच लोक फोटोसमोर उभे राहून म्हणतात, "बुढा असा नोता दिसत." हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलं की आता सहन होत नाही. नातवाला आजोबा कसे होते ते दाखवायला तेवढा एकच फोटो उरतो, आणि त्यात आजोबा नाहीतच.

यावर मला आठवतो तो एक जर्मन चित्रकार, त्याच्याबद्दल तुमच्या पेपरातून आपल्या लोकांना कळावं म्हणून हे पत्र. विल्हेल्म लाइब्ल. येत्या ४ डिसेंबरला त्याची पुण्यतिथी आहे. एटीडीला असताना आमच्या एका सरांनी एका जुन्या पुस्तकात त्याचं चित्र दाखवलं होतं, काळं-पांढरं, धूसर छापलेलं, तरी ते डोक्यातून गेलं नाही. आता मोबाईलवर म्युझियमच्या साईटवरून रंगीत पाहायला मिळतं, झूम करून बोटाच्या नखापर्यंत जाता येतं.

लाइब्लचा जन्म २३ ऑक्टोबर १८४४ चा, कोलोन शहरातला. वडील तिथल्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये संगीताचे प्रमुख होते. पोराला आधी कुलूप बनवणाऱ्या लोहाराकडे कामाला लावलं होतं, ते काही त्याने धरलं नाही, मग चित्रकला शिकायला लागला आणि १८६४ मध्ये म्युनिकच्या अकादमीत गेला. गडी अंगाने दणकट, शिकारीचा शौकीन. आणि हाताने असा की पंचविशीतच त्याने एका शिल्पकार मित्राच्या बायकोचं पोर्ट्रेट केलं, मिना गेडॉन तिचं नाव, बाई तेव्हा गरोदर होती, आणि ते चित्र १८६९ च्या म्युनिकच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात लागलं. तिथं फ्रान्सचा गुस्ताव्ह कूर्बे आला होता, तो म्हणजे त्या काळात खऱ्याखुऱ्या माणसांची, दगड फोडणाऱ्या मजुरांची चित्रं काढून अख्ख्या पॅरिसशी भांडलेला माणूस. त्याला हे पोर्ट्रेट फार आवडलं. लाइब्ल पॅरिसला गेला, १८७० च्या सलोनमध्ये म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. पॅरिसमध्ये जर्मन पोराला सुवर्णपदक, तेही लढाई सुरू व्हायच्या जरासं आधी. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रान्स आणि प्रशिया या जर्मन राज्याचं युद्ध पेटलं आणि त्याला परत यावं लागलं.

आता इथून पुढचं नीट वाचा. एवढं नाव झालेला माणूस, म्युनिकमध्ये राहिला असता तर श्रीमंत लोकांची पोर्ट्रेट करून आरामात जगला असता, लोकांनी रांग लावली असती. १८७३ मध्ये त्याने शहर सोडलं आणि खेड्यात जाऊन राहिला. सुट्टीसाठी गेला नाही, हवापालट म्हणून नाही. गेला तो परत आलाच नाही. दक्षिण जर्मनीच्या बव्हेरियातली लहान लहान गावं, आधी ग्रासलफिंग, मग तळ्याकाठचं उंटरशोंडोर्फ, मग बेर्ब्लिंग, मग बाड आयब्लिंग, शेवटी कुटरलिंग. मरेपर्यंत असाच खेड्यांतून राहिला, लग्न केलं नाही. सोबत एक मित्र, योहान स्पेर्ल, तोही चित्रकार, निसर्गचित्रं करणारा. दोघांनी मिळून काही चित्रं केली, माणसं लाइब्लने काढायची आणि झाडं-शेतं स्पेर्लने. एकाच कॅनव्हासवर दोन चित्रकारांनी भांडण न होता काम करणं किती अवघड आहे ते आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा.

त्या काळात म्युनिकमध्ये खेड्याची चित्रं काढणारे पुष्कळ होते. पण ती चित्रं कशी, तर हसऱ्या गोऱ्या पोरी, बिअरचे ग्लास, बुटात पाय वर करून बसलेला गमतीदार म्हातारा, काहीतरी किस्सा चाललाय आणि शहरातला साहेब पाहून खूष होतोय. लाइब्लच्या चित्रात किस्साच नाही. रडारडही नाही, दया येईल असंही काही नाही. माणूस बसला आहे, बस. त्याचे हात, त्याचा कोट, त्याचे दाढीचे खुंट, त्याच्या डोळ्याखालची पिशवी. लाइब्लचं म्हणणं असं होतं की माणूस आहे तसा काढा, त्याचा जीव त्यात आपोआप येतो.

त्याचं एक चित्र आहे, गावातले पाच शेतकरी बाकावर बसलेत, एकाच्या हातात कागद आहे आणि सगळे त्या कागदात गुंतलेत. १८७७ मध्ये पूर्ण झालं आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लागलं. आता ते स्वित्झर्लंडला विंटरथूरच्या म्युझियममध्ये आहे. ते पाहून मला आमच्या ग्रामपंचायतीच्या बाहेरची पायरी दिसते, एकाच्या हातात सातबारा नाहीतर विम्याचा कागद आणि चार जण मान पुढे करून वाचू राहिले, कोणाला वाचता येतं कोणाला नाही, पण डोळे सगळ्यांचे कागदावर. एकाचीही खिल्ली लाइब्लने उडवली नाही. प्रत्येक माणसाचा चेहरा वेगळा, प्रत्येकाची बसायची पद्धत वेगळी.

पण त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे चर्चमधल्या तीन बाया. हॅम्बर्गच्या कुन्स्टहाले म्युझियममध्ये आहे. बेर्ब्लिंग गावच्या चर्चमध्ये बसून केलेलं, १८७८ ला सुरू आणि १८८२ ला संपलं. एका चित्राला इतकी वर्षं! आणि चित्र काही भिंतीएवढं नाही, उंचीला मीटरभरापेक्षा थोडं जास्त, लाकडाच्या फळीवर ऑइल. तीन बाया, एक तरुण, एक मधल्या वयाची, एक पार म्हातारी. नक्षीच्या लाकडी बाकावर बसल्यात. तरुण पोरगी सरळ पाठीने बसली आहे, चौकड्याच्या कपड्यात, मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक, आणि तिचे हात पहा, मोठे, जाड बोटांचे, कामाचे हात. म्हातारीने पुस्तक दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरलंय, तिच्या बोटांचे सांधे फुगलेले. झूम करून पाहिलं तर चामडीखालची शीर दिसते. चौकड्याच्या कापडाची एक एक रेघ घडीबरोबर वळते. आणि हे सगळं त्याने आधी पेन्सिलने स्केच करून नाही केलं.

हे जरा समजावून सांगतो कारण पेंट न करणाऱ्याला यातली मेहनत कळणार नाही. आम्हाला कॉलेजात शिकवतात ते असं की आधी रेखाटन, मग तपकिरी रंगात सावली-उजेड, ते वाळलं की वरून खरे रंग, परत वाळलं की बारीक काम. म्हणजे चुकलं तर वरच्या थरात झाकता येतं. लाइब्ल तसं करत नसे. ओल्या रंगात ओला रंग, थेट, एक तुकडा घेतला की तो तिथंच पूर्ण करायचा आणि मग बाजूचा तुकडा. चुकलं तर खरवडून परत. म्हणजे समोरचा माणूस समोर बसलेलाच पाहिजे, आठवणीतून काही भरता येत नाही. आता विचार करा, त्या शेतकरी बाया, घरची ढोरंढाकरं, वावरातली कामं सोडून येऊन त्या थंड चर्चमध्ये बसायच्या, आणि हा माणूस त्यांच्या एका एका बोटासमोर बसायचा. चित्र होत आलं तेव्हा गावातले शेतकरी पाहायला आले आणि त्यांनी चित्रासमोर नकळत हात जोडले, असं त्याने आईला पत्रात कळवलं होतं. आणि हेही लिहिलं होतं की मोठ्या मोठ्या चित्रकार लोकांच्या मतापेक्षा मला या साध्या शेतकऱ्यांच्या मताची किंमत जास्त वाटते. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं, खोटं नाही सांगत.

त्याचं सगळंच काही चांगलं झालं असं नाही. चोरून शिकार करणाऱ्यांचं एक मोठं चित्र त्याने कितीतरी वर्षं खपून केलं, खोली इतकी लहान होती की मागे सरकून पूर्ण चित्र पाहताच येत नव्हतं, त्यामुळे माणसांची मापं बिघडली. पॅरिसला दाखवलं तर कोणाला आवडलं नाही, आणि त्याने स्वतःच्या हाताने ते कापून टाकलं. त्याचे तुकडे आज म्युझियममध्ये आहेत, नुसतं एक डोकं, नुसते खांदे. आणि ते तुकडेही असे आहेत की एखाद्याने जन्मभरात एक केला तरी पुरे. पैशाची ओढाताण बरीच वर्षं होती, कारण इतक्या सावकाश काम करणाऱ्याची चित्रं निघणार किती आणि विकणार किती. मान मिळाला तो उतारवयात. शेवटच्या वर्षांत शेतकऱ्याच्या घरातली चित्रं केली, चुलीजवळची पोरगी, १८९२ चं सूत कातणाऱ्या बाईचं चित्र. ते सूत कातणाऱ्या बाईचं चित्र लाइपझिगला आहे, आणि आपल्या वर्धा-सेवाग्रामच्या लोकांनी ते जरूर पहावं, चरखा तिकडचा पायाने चालवायचा, पण बाईची मान तशीच झुकलेली. १९०० साली व्युर्झबुर्गला हृदयाच्या आजाराने गेला, ५६ वर्षांचा होता. मित्र स्पेर्ल १९१४ मध्ये गेला, त्यालाही लाइब्लच्याच कबरीत ठेवलं.

जर्मन लोकांत चेहऱ्याकडे असं पाहण्याची रीत जुनीच आहे म्हणा. लाइब्लच्या साडेतीनशे वर्षं आधी अल्ब्रेख्त ड्यूररने स्वतःच्या आईचं कोळशाने चित्र काढलं, १५१४ चं आहे, बर्लिनला ठेवलंय. आईने अठरा लेकरं जन्माला घातली होती, त्यातली बहुतेक गेली. त्रेसष्ट वर्षांची बाई, गळ्याच्या शिरा वर आलेल्या, गालफडं बसलेली, एक डोळा भलतीकडे पाहणारा. पोराने काही लपवलं नाही, सुरकुती पुसली नाही. वर लिहून ठेवलं की ही ड्यूररची आई, वय ६३. दोन महिन्यांत आई गेली आणि त्याने त्याच कागदावर शाईने तेही लिहून ठेवलं. आई बसलेली असताना काढलेलं चित्र आहे ते, म्हणून पाचशे वर्षं झाली तरी ती बाई आपल्याकडे पाहून बोलेल असं वाटतं. तेरवीसाठी आधारच्या झेरॉक्सवरून काढलं असतं तर हे झालं असतं का, तुम्हीच सांगा.

म्हणून मी आता दुकानातलं काम संपलं की गावातल्या जिवंत माणसांना बसवून चित्रं काढायला लागलोय. पहिली अडचण अशी की कोणी बसायला तयार नसतं. आमच्या गल्लीतली एक आजी आहे, ओसरीवर सुपात ज्वारी निवडत बसली होती, तिला म्हटलं आजी असेच बसून रहा, तुमचं चित्र काढतो. ती म्हणाली, "माहा फोटो कायले काढतं रे बाप्पा, मी काय मेली काय?" तिच्या डोक्यात फोटो म्हणजे हार घालायचाच. सुनेने समजावलं तेव्हा बसली. सकाळी दारातून उजेड येतो तेवढा वेळच काम करायचं, उजेड हलला की दुसऱ्या दिवशी. हातावर गोंदण आहे तिच्या, हिरवं, आता चामडीच्या सुरकुत्यांत तुटून तुटून गेलेलं, फूल होतं की तुळस ते ओळखू येत नाही. नाकातलं नथीचं भोक लांब झालेलं. आणि बोटांची टोकं. कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोकं रुततात, वर्षानुवर्षं रुतून नखाच्या बाजूची चामडी अशी जाड आणि चिरलेली होते की तिथं रंग कोणता लावावा हेच मला समजेना, तपकिरी नाही, राखाडी नाही, मधूनच गुलाबी. त्या बोटांसाठी मी लाइब्लच्या म्हातारीची बोटं मोबाईलवर परत परत पाहिली. त्याने काय केलंय तर चिरेच्या आत काळा रंग भरलाच नाही, बाजूची चामडी उजळ ठेवली, आत आपोआप अंधार दिसतो. तसं करून पाहिलं.

झाल्यावर आजीला दाखवलं. चेहरा तिने पाहिलाच नाही, हातांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हे त माह्या मायचे हात हायत." तिच्या आईचा एकही फोटो त्या घरात नाही, कधी काढलाच नव्हता.

तर संपादक साहेब, माझ्या मागण्या.

पहिली ही की शेतकऱ्याचा फोटो छापला तर त्याचं नाव आणि गाव खाली छापत जा, आणि दुसरीकडचा फोटो आमचा म्हणून लावू नका. फोटोग्राफरला पाठवायला पैसे लागतात हे समजतं, पण आता गावोगावी तुमचे वार्ताहर आहेत, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, सरकीच्या दुकानासमोर नाहीतर जिनिंगच्या गेटवर गाड्यांच्या रांगेत उभा असलेला माणूस त्याला विचारून काढायला काय लागतं. आणि दरवेळी डोक्याला हात लावलेलाच का पाहिजे? रांगेत उभा असलेला माणूस गप्पा मारतो, चिडतो, डबा खातो, पोराला फोनवर रागावतो, तो चेहरा छापा ना.

दुसरी ही की रविवारच्या पुरवणीत एक कोपरा द्या, दर आठवड्याला विदर्भातल्या एका गावातल्या एका जिवंत माणसाचं चित्र, हाताने काढलेलं, समोर बसवून काढलेलं, खाली दोन ओळी, नाव, गाव, काय काम करतो. मजूर बाई असो, गुराखी असो, सुतार असो, आशा ताई असो. काढायला पोरं पुष्कळ आहेत. यवतमाळ, अमरावती, नागपूरला एटीडी आणि कलेच्या फाउंडेशन कोर्सची पोरं दरवर्षी निघतात, व्यक्तिचित्र शिकतात, पण मॉडेल म्हणून वर्गातलाच मित्र नाहीतर चौकीदार, आणि पास झाल्यावर परत तोच फ्लेक्स आणि तेच तयार कोट. त्यांना गावात पाठवा, त्यांचं नाव छापून येईल याच्यावरच ती खूष होतील, जमलं तर गाडीभाडं द्या.

तिसरं शाळेचं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ड्रॉईंगच्या परीक्षेला आमच्या खेड्यातली पोरं बसतात, हौसेने बसतात, पण त्यात वस्तुचित्र आहे, स्मरणचित्र आहे, संकल्पचित्र आहे, भूमिती आणि अक्षरलेखन आहे, समोरच्या माणसाचा चेहरा कुठंच नाही. लोटा आणि वांगं काढता येतं, आजीचं नाक काढता येत नाही. मार्कांचा भाग करू नका वाटल्यास, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक पोराने घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला समोर बसवून काढावं असं कोणी गुरुजींनी सांगितलं तर चांगलं होईल. आता कितीतरी शाळांत चित्रकलेचे गुरुजीच नाहीत, तो विषय वेगळा, त्यावर तुम्ही अग्रलेख लिहा.

आणि जे वाचक चित्र काढत नाहीत त्यांच्यासाठी, कारण पेंटर काय प्रत्येक गावात नसतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा एक नीट फोटो याच सुगीत काढून ठेवा. सकाळी आठ-नऊच्या उजेडात, दाराशी किंवा खिडकीशी बसवून, उजेड एका बाजूने चेहऱ्यावर येईल असं. फ्लॅश बंद, चेहरा गोरा करणारं ते ब्युटीचं बटन बंद. नवीन कपडे घालायला लावू नका, रोज जे घालतात तेच, बाबाचा दुपट्टा, आईचं लुगडं, चष्म्याला दोरी बांधलेली असेल तर तीही येऊ द्या. मोबाईल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला धरा, वरून नाही. हसा म्हणू नका, काहीतरी विचारा, पहिल्या बैलजोडीचं नाव विचारा, आणि ते सांगत असताना काढा. हातही फोटोत घ्या. हे जिवंतपणी भिंतीवर लावा, त्यांना पाहू द्या. आणि उद्या कधी पेंटरकडे यायची वेळ आलीच तर असा फोटो असला की आम्हाला तयार कोट लावावा लागत नाही.

पुरवणीचं जमत असेल तर पहिली काही चित्रं मी देतो, मानधन नको. अट एकच, ज्याचं चित्र आहे त्याला आधी दाखवून, नाव छापायला तो हो म्हणाला तरच छापायचं. आजीने हो म्हटलेलं आहे. आकार किती पाहिजे आणि स्कॅन करून पाठवू की मूळ कागद तुमच्या यवतमाळच्या ऑफिसात आणून देऊ, तेवढं कळवावं.

आपला नियमित वाचक,
एक पेंटर
ता. दारव्हा, जि. यवतमाळ